खोलेवाडीचं चिलट

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आज कट्ट्यावर भांडण झालं, म्हणजे कट्टा नेहमीसारखा झाला.

कुपवाडला अमृतच्या लेथच्या शेडमध्ये रविवारी मशिनं बंद असतात. तिथं आम्ही तिघं विमानवेडे जमतो. अमृत, कुंडलच्या शाळेत विज्ञान शिकवणारी नीलिमा आणि मी, हिंदुराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वयानं थोरला आणि म्हणून माझा शब्द शेवटचा. निदान मी तसं समजतो.

आजचा विषय लाकडी बॉम्ब. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लाकडाची खोटी विमानं उभी करून खोटा विमानतळ बांधला, इंग्रजांनी तो पुरा होईपर्यंत वाट बघितली आणि मग एकच विमान येऊन एकच बॉम्ब टाकून गेलं, तोही लाकडाचा. नीलिमा म्हणाली, याला कागदोपत्री पुरावा नाही. मी म्हटलं, एवढी चांगली गोष्ट खोटी असेलच कशी. याच प्रश्नावर कराडच्या प्रश्नमंजूषेत विंग कमांडर जयराजसाहेबांनी मला शून्य दिलं होतं. हे साहेब पाचगणीला असतात. कुणाच्या तोंडून चुकीची माहिती निसटली तर त्यांना जेवण जात नाही. एकदा एका लग्नपत्रिकेवरच्या हेलिकॉप्टरला मागचा पंखा नव्हता, तर त्यांनी तो पेनानं काढून पत्रिका परत पाठवली. लग्नाला गेले नाहीत.

भांडण रंगात आलं होतं तेवढ्यात गावाकडून फोन आला. उपसरपंच रविराज आमचं विमान काढून टाकणार.

आमचं विमान म्हणजे खोलेवाडीच्या स्टँडसमोर चौथऱ्यावर उभं असलेलं नॅट, पासष्टच्या युद्धात गाजलेलं छोटं लढाऊ विमान. वीस-बावीस वर्षांपूर्वी गावच्या माजी सैनिकांनी अर्ज करकरून ते हवाई दलाकडून मागून आणलं. नॅट म्हणजे इंग्रजीत चिलट, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि गावानं तेच नाव धरलं. भरतीला निघालेलं पोरगं आजही चिलटाच्या नाकाला हात लावूनच एसटीत चढतं.

काढून टाकणार म्हणे. बघतो कसा काढतो ते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

रविराजला पंचायतीत गाठलं. त्याला त्या जागेवर दुकानगाळे बांधायचेत. "परत पाठवणार हाय हवाई दलाला," म्हणाला. पण भंगारवाला काल टेम्पो लावून चिलटाच्या पोटाखाली वाकून बघून गेल्याचं स्टँडवरच्या प्रत्येकानं पाहिलंय.

"आण्णा, गंजलंय ते. पोरं त्याच्यावर चढत्यात. कुणाला लागलं तर जबाबदार कोण?"

मी म्हटलं, "ॲल्युमिनियम गंजत न्हाई. आधी एवढं शिकून ये, मग बोल."

मग त्याला कानपूरची हकीकत सांगितली. महायुद्ध संपल्यावर परक्यांनी स्वतःची मोठाली बॉम्बर विमानं तिथं मोडून टाकली. पुन्हा उडू नयेत म्हणून इंजिनांत वाळू ओतली. आपल्या लोकांनी त्याच भंगारातनं चाळीसच्या वर विमानं उभी केली, उडवत बंगळूरला नेली आणि पुढं वीस वर्षं वापरली. भंगार म्हणजे काय हे आम्हाला शिकवू नकोस.

तो म्हणाला, "मग उडवा की तुमचं बी."

पंचायतीतली सगळी हसली. मीही हसलो असतो, पण विषय आपल्या विमानाचा होता.

निर्णय ग्रामसभेत. दोन तारखेला दसरा येतोय म्हणून सभा तीनला ठेवलीय. तोवर चिलट असं करतो की बघणाऱ्यानं टोपी काढली पाहिजे.

रविवार, २१ सप्टेंबर

चिलट वाचवण्यासाठी खास बैठक. सकाळी बसलो, दुपार झाली, चहाच्या किटल्या संपल्या. ठरवायचं एवढंच होतं की कुणी काय करायचं. पण अमृतनं विचारलं, विमानाला चंदेरी रंग द्यायचा तो कुठला चंदेरी. पासष्ट सालचा झगझगीत की नंतरचा मळकट? नीलिमानं पिशवीतनं पुस्तकं काढली. मी म्हटलं, पासष्टचा. ती म्हणाली, मग शेपटीवरचा नंबर पासष्टच्या तुकडीचा हवा. त्यावरून शेपटी. शेपटीवरून दोघं माझ्यावर. या दोघांची ही खोड आहे, काम राहतं बाजूला आणि नंबरावर घसरतात. मी मात्र शेवटपर्यंत मुद्द्यावर होतो. मळकट चंदेरी चालणार नाही हाच मुद्दा होता.

शेवटी घरून बायकोचा, संयोगितेचा फोन आला, जेवायला कवा येताय. तिनंच फोनवर वाटण्या करून दिल्या. डेंट अमृतनं काढायचे, चंदेरी सगळ्यांनी मिळून द्यायचा आणि पंखांवरच्या, अंगावरच्या, हवाई दलाची खूण असलेल्या तिरंगी चकत्या सिद्धू पेंटरनं. सिद्धू आमच्या गावच्या सगळ्या पाट्या रंगवतो, त्याचा हात सरळ आहे.

चकत्या मीच काढतो म्हटलं होतं. अमृत घाईघाईनं म्हणाला, "नगं अण्णा, तुमी देखरेख करा." नीलिमाही लगेच हो हो म्हणाली. वयाचा मान ठेवतात पोरं.

एक वाईट बातमी. रविराजनं ग्रामसभेला जयराजसाहेबांना बोलावलंय. विमान ठेवण्याच्या लायकीचं आहे का ते तज्ज्ञानं सांगावं म्हणून. रविराजला ठाऊक आहे की हा माणूस कुणाची भीड धरत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज मिग-२१ ला चंडीगडमध्ये निरोप दिला. सकाळपासून टीव्हीसमोर बसलो. शेवटची फेरी झाली तेव्हा डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही.

नशीब असतं तर मीही आज त्या विमानाखाली उभा असतो. ब्याऐंशी साली हवाई दलाच्या भरतीला गेलो, लेखी पास, धावण्यात पुढं. मग डॉक्टरनं ठिपक्या-ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं. पहिल्या पानावर बारा आकडा होता, तो मी घडाघडा वाचला. पुढच्या पानांवर नुसते ठिपके होते, आकडेच नव्हते, तसं मी स्पष्ट सांगितलं. शेजारचा पोरगा प्रत्येक पानाला काही ना काही आकडा ठोकत होता, तो पास झाला. मी खरं बोललो म्हणून नापास. "रंगदृष्टी सदोष" असा शिक्का मारला. पुस्तक जुनं, उडालेलं, डॉक्टर घाईत, आणि आयुष्य माझं गेलं.

डोळ्यांनी माझं कधी अडलं नाही. सांगलीत एवढी वर्षं स्कूटर चालवली. वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं, यात पुस्तकातले ठिपके लागतात कशाला?

संयोगिता म्हणाली, "आज टीव्ही पुरं आता. टमाटी आणायला मी जाते, तुमी बसा." टोमॅटो तीच आणते. मी आणलेले तिला नेहमी कच्चे वाटतात. बायकांचे चोचले.

सोमवार, २९ सप्टेंबर

चंदेरी झाला. अमृतनं डेंट असे काढलेत की हात फिरवला तरी कळत नाही. नीलिमानं नंबर काढला आणि शाळेची पोरं आणून चौथरा धुऊन घेतला. ऊन पडलं की चिलटाकडं बघवत नाही. आता फक्त चकत्या राहिल्या. सिद्धू परवा येतो म्हणालाय.

बुधवार, १ ऑक्टोबर

सिद्धू आला, रंगाचे डबे चिलटाच्या पोटाखाली ठेवले आणि हात जोडून म्हणाला, "आण्णा, आज खंडेनवमी. बरश्या पूजेला बसल्यात. उद्याचं शिलंगण झाल्याबिगर उचलायच्या न्हाईत."

"अरे परवा सभा हाय."

"परवा सकाळच्या पारी येतो की."

परवा सकाळी रंग ओला राहणार, पाऊस आला तर ओघळणार, आणि साहेब ओघळलेल्या तिरंग्यासमोर उभे राहणार. ब्रशनं एक दिवस आराम केला नाही तर देवी कोपेल म्हणतो. अमृतला फोन केला, त्याच्याकडंही सगळी मशिनं हळदीकुंकू लावून बसलीत. नीलिमा बहिणीकडं.

मग ठरवलं. आपल्याला कुणाची गरज नाही. घरून ब्रश आणला, माझा ब्रश काही पूजेला बसला नव्हता. मध्यावर धरायला संयोगितेकडनं कणकेचा गोळा घेतला, तो चिकटवून त्यात काडी रोवली, काडीला सुतळी बांधली आणि अशी वर्तुळं मारली की भूमितीच्या मास्तरनं मान डोलवावी. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हे मला झोपेतनं उठवून विचारा.

सिद्धूला उरलेले रंग जुन्या बिनलेबलाच्या डब्यांत ओतायची सवय आहे. झाकणं उघडून बघितलं, नीट निरखलं, आणि केशरी कुठला ते ठरवलं. संयोगिता म्हणाली होती, मी येते संगं, जरा रंग बघते. मी म्हटलं, मला डोळे हायत.

अंधार पडायच्या आत दोन्ही पंख आणि दोन्ही अंगं झाली. पाठ मोडली. पण एवढं सुंदर काम मी जन्मात केलं नाही. ब्याऐंशी सालापासून विमानाला हात लावायचा होता, आज लावला.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. गाव सोनं द्यायला घरी आलं, पण चकत्यांबद्दल कुणी काही बोलेना. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

दुपारी अमृत आला. चिलटाभोवती एक फेरी मारली, मग थांबला, मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"कसं झालंय?" म्हटलं.

"गोल लय भारी आल्यात, अण्णा."

"आणि?"

"आणि..." म्हणाला, "मी काय म्हणतो, रातच्याला सिद्धूला बोलवून वरनं एक हात मारून घेऊ का? म्हंजे जरा चकाकी येईल."

मी म्हटलं, "माझ्या कामावर दुसऱ्याचा हात फिरला तर बघ. ओला हाय अजून." तरी घुटमळत राहिला. नीलिमाचा फोन आला, तीही तेच, एक हात, एक हात. दोघांनी संगनमत केलंय. एवढी वर्षं तुमचं ऐकून घेतलं, एक दिवस माझं चांगलं झालं तर पोटात दुखतं? स्पष्ट सांगितलं. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं अण्णा. उद्या आम्ही आहोत."

असणारच. त्यात काय एवढं सांगायचं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

सभा चिलटापुढंच भरली, मांडव घालून. जयराजसाहेब पाचगणीहून गाडीनं आले, ताठ, पांढऱ्या मिशा, हातात काठी. सरपंचबाईंनी विषय वाचला. रविराज उठला. गंजाचं काही बोलला नाही. सरळ चिलटाकडं बोट केलं.

"मंडळी, नीट बघा. हिरवा भायेर, केसरी आत. तिरंगा उलटा काढलाय. ह्यो आपल्या जवानांचा अपमान हाय. असलं इमान गावात ठेवायचं का?"

मी ताडकन उठलो. "केसरीच भायेर हाय. डोळं तपासून घे जा."

सगळा मांडव हसला. मग हसणं एकदम थांबलं, कारण मी हसत नव्हतो. मी लोकांकडं बघितलं. सगळे चकतीकडं बघत होते आणि मग माझ्याकडं. संयोगिता बायकांत बसली होती. तिच्याकडं बघितलं. ती खाली बघत होती.

त्या क्षणी मला कळलं. सबंध गावाला एक दिसत होतं आणि मला एक. पुस्तक जुनं नव्हतं. पानांवर आकडे होते.

खाली बसलो का कुणी बसवलं ते आठवत नाही. माझ्यामुळं चिलट जाणार. बाकीच्यांनी डेंट काढले, धुतलं, घासलं, आणि मी एका दिवसात ते भंगारवाल्याच्या हातात दिलं.

तेवढ्यात नीलिमा उठली. वर्गात बोलते तशी बोलली.

"उपसरपंच, हे उलटं मुद्दाम आहे. शहात्तर साली हवाई दलाचा एक सराव झाला होता. त्यात शत्रूची भूमिका करणाऱ्या विमानांवर चकती उलट्या क्रमानं रंगवत, म्हणजे आकाशात आपलं कुठलं ते चटकन कळावं. आम्ही हे विमान त्या तुकडीच्या स्मरणार्थ तसंच ठेवलंय."

असा सराव झाला नाही. असली चकती कधी कुणी काढली नाही. हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच तिला. लाकडी बॉम्बाला पुरावा मागणारी ही बाई.

अमृत उठला आणि म्हणाला, "व्हय. म्या फोटू बघितलाय." अमृतनं तो फोटो बघितला असता तर तीन महिने आम्हाला दुसरं काही बोलू दिलं नसतं.

रविराज कच्चा नाही. तो साहेबांकडं वळला. "सायेब, तुमीच सांगा आता. तुमी कुणासाठी खोटं बोलत न्हाई, हे सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय."

साहेब उठले. चष्मा पुसला, चौथऱ्यापाशी गेले. चकतीसमोर उभे राहिले. मग माझ्याकडं बघितलं. कराडला शून्य देताना बघितलं होतं तसं नाही. काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात चकतीवर ठेवला. रंग अजून चिकट होता, तळव्याला लागला असणार.

"त्या सरावात मी होतो," ते म्हणाले. "अशाच चकतीचं विमान मी उडवलंय. रंग बरोबर आहेत."

मग कुणीतरी माजी सैनिकानं टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. हात वर झाले, ते मोजायची वेळच आली नाही. ठराव झाला, चिलट आहे त्या जागी, आहे त्या रंगात कायम राहील, त्यात कुणीही कसलाही बदल करू नये. "आहे त्या रंगात" हे रविराजनंच घालायला लावलं. चिडून.

त्या सभेत ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेली चारच माणसं होती. आयुष्यभर आम्ही चौघांनी एकमेकांची एक तारीख चुकू दिली नाही, एक नंबर सोडला नाही. आज चौघंही गप्प बसलो.

साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "साहेब, तो सराव..."

"कुठला सराव?" ते म्हणाले. गाडीत बसले, काच खाली केली. "हिंदुराव, त्या लाकडी बॉम्बचा गुण मात्र मिळणार नाही."

शनिवार, ४ ऑक्टोबर

रात्रभर झोप नाही. सकाळी संयोगितेला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं?

"लगीन झाल्या साली. हिरवं लुगडं आणलंय म्हणालासा आन तांबडं काढून दिलंसा."

"सांगितलं का नाहीस?"

"तुमी हिरवं म्हणून एवढ्या हौसेनं आणल्यालं. मी नेसले."

मला राग आला. आधी तिचा, मग सगळ्यांचा, मग त्या डॉक्टरचा, की तो बरोबर होता. त्रेचाळीस वर्षं एका माणसाला शिव्या दिल्या आणि तो बरोबर. आता त्या शिव्यांचं काय करायचं? मी रडलो. ती शेजारी बसून राहिली.

सिद्धू आला होता, रात्रीत गुपचूप सरळ करून देतो म्हणाला. त्याला हाकललं. ग्रामसभेचा ठराव आहे. शिवाय माझ्यासाठी तीन माणसांनी जे केलं ते पुसायला मी कोण?

रविवार, १२ ऑक्टोबर

आज कट्टा कुपवाडला नाही, चिलटाच्या सावलीत भरवला. अमृतनं भडंग आणला होता. भांडायला मिगपासून सुरुवात केली.

मध्येच पुण्याचे दोघं मोटरसायकलवरून आले. गळ्यात कॅमेरे, टीशर्टावर विमानं. आमच्यातलेच. चिलटाचे फोटो काढता काढता एक जण थबकला आणि दुसऱ्याला कोपर मारून हसू लागला. मग आमच्याकडं आला.

"काका, हे चक्र उलटं रंगवलंय. कुणी रंगवलं हे?"

नीलिमानं तोंड उघडलं. शहात्तर सालचा सराव तिच्या जिभेवर आलेला मला दिसला. मी हात करून तिला थांबवलं.

"मी रंगवलं," म्हटलं.

"पण उलटं आहे."

"हाय. मला रंग दिसत नाहीत. केशरी आणि हिरवा मला एकच."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. वाटलं होतं तेवढं जड नव्हतं. अमृत भडंग चघळायचा थांबला. तो पुण्याचा पोरगा ओशाळला, सॉरी सॉरी म्हणू लागला. मग त्याच्या सोबत्यानं विचारलं, "मग सरळ का नाही करून घेत?"

"ठराव हाय गावाचा. असंच राहणार. हसायचं तर हसा, पण फोटोखाली माझं नाव टाका. हिंदुराव, खोलेवाडी."

मग मी विचारलं, "बरं, ह्या विमानाला हवेत वेग कमी करायचा ब्रेक कुठं असतो, सांगा."

दोघांनी पंखांखाली वाकून बघितलं. शेपटीकडं गेले. पोटाखाली टॉर्च मारला. पुन्हा फेरी. नीलिमा आणि अमृत एकमेकांकडं बघत होते, मधे बोलायचं नाही हा आमचा नियम आहे. शेवटी दोघांनी हात टेकले.

मी चाकांकडं बोट केलं. नॅटची चाकंच हवेत अर्धी खाली सोडायची, झाकणांसकट, की वेग मोडतो. वेगळा ब्रेक कशाला? मघाशी ते पुण्याचे दोघं त्यालाच टेकून उभे होते.

"आधी बघायला शिका," म्हटलं, आणि त्यांनाही भडंग दिला.